सेगमेंटेड वुडटर्निंग: तुकड्यांपासून वाडग्यापर्यंत (आणि एक फट)

कातकामी

गेली दीड वर्षं सुट्टीच्या दिवशी मी सेगमेंटेड वुडटर्निंग शिकतोय. मराठीत याला रुळलेला शब्द मला सापडला नाही, म्हणून सेगमेंट, रिंग हेच शब्द वापरतो. अख्ख्या ओंडक्यातून वाडगा कोरायच्या ऐवजी यात लाकडाचे छोटे समलंब तुकडे कापतात. ते गोलाकार जोडून रिंग करायची, रिंगा एकावर एक चिकटवून मनोरा उभा करायचा आणि तो मनोरा लेथवर कातायचा. दोन-तीन रंगांची लाकडं वापरली की भिंतीत विटांच्या बांधकामासारखी नक्षी उमटते.

मला हे आवडण्याचं कारण वेगळं आहे. अख्ख्या लाकडाचा वाडगा कातताना एका फेऱ्यात दोनदा हत्यारासमोर लाकडाची उभी टोकं, म्हणजे रेषा जिथे तुटतात ती बाजू, येतात आणि तिथे पृष्ठभाग फाटतो. सेगमेंटच्या रिंगेत लाकडाच्या रेषा परिघाबरोबर फिरतात, त्यामुळे गाऊज (कातायचं पन्हळीदार हत्यार) सगळीकडे सारखा चालतो. पहिल्यांदा तो सलग सुटणारा लांब कीस पाहिला तेव्हा मी लेथ थांबवून नुसता बघत उभा होतो.

आता क्रमाने सांगतो. शेवटी एक अडचण आहे, ती जाणत्यांनी सोडवावी.

आधी कागद. आलेखाच्या कागदावर वाडग्याचा अर्धा उभा छेद खऱ्या मापात काढायचा. माझा वाडगा २०० मिमी व्यासाचा, पाच रिंगांचा, प्रत्येक रिंग १८ मिमी जाड. छेदावर दर १८ मिमीवर आडव्या रेघा मारल्या. प्रत्येक पट्ट्यात भिंतीची बाहेरची कड मध्यापासून जास्तीत जास्त किती लांब जाते आणि आतली कड कमीत कमी किती जवळ येते ते मोजलं. दोन्हीकडे ३ मिमी सोडले. ही सूट पहिल्या खेपेला मी १ मिमी ठेवली होती आणि रिंग केसभर सरकून चिकटल्यावर भिंत एका बाजूला कागदासारखी झाली.

मग तुकड्याची लांबी. बाहेरच्या कडेची लांबी = २ × बाहेरची त्रिज्या × टॅन (१८० भागिले तुकड्यांची संख्या). माझे तुकडे १२, म्हणजे टॅन १५ अंश, ०.२६८. त्रिज्या सुटीसकट १०३ मिमी. उत्तर ५५.२ मिमी. पट्टीची रुंदी काढताना नवखे चुकतात. बाहेरच्या त्रिज्येतून आतली वजा केली की झालं असं वाटतं, पण आतल्या बाजूला तुकड्यांचे कोपरे येतात. म्हणून आतल्या त्रिज्येला आधी कोसाइन १५ ने, म्हणजे ०.९६६ ने गुणायचं आणि मग वजा करायचं. माझी आतली त्रिज्या सुटीसकट ७९ होती. ती ७६.३ झाली, रुंदी २६.७ आली. मी २८ च्या पट्ट्या काढल्या.

लाकडं सागवान, शिसव आणि हळदू. हळदूचा पिवळा रंग शिसवीच्या काळपट जांभळ्याशेजारी फार उठून दिसतो.

आता कोन. १२ तुकडे म्हणजे प्रत्येक टोक १५ अंश. टेबल सॉच्या मायटर गेजवर (कापाचा कोन लावायचं साधन) १५ लावून पट्टी उलटी-पालटी करत कापत गेलो. एकेक तुकडा कोनमापकावर बरोबर. बारा जोडले तर शेवटच्या जोडात बोट जाईल एवढी फट! हिशोब केला. एका रिंगेत २४ काप असतात. प्रत्येक काप फक्त ०.१ अंश चुकला तरी एकूण २.४ अंश, म्हणजे १०० मिमी त्रिज्येवर ४ मिमीहून जास्त. ०.१ अंश डोळ्याला दिसत नाही, गेजलाही दिसत नाही.

यावर तोड म्हणजे दोन फेन्सची स्लेड, टेबल सॉवर सरकणारा पाट. अमेरिकेतल्या जेरी बेनेट यांनी ती 'वेजी स्लेड' या नावाने लोकप्रिय केली. स्लेडवर दोन फेन्स, म्हणजे पट्टी टेकवायच्या सरळ कडा, असतात. एक काप पहिल्या फेन्सवर घ्यायचा, पुढचा दुसऱ्या, परत पहिल्या. म्हणजे प्रत्येक तुकड्याचं एक टोक एका फेन्सचं आणि दुसरं टोक दुसऱ्या फेन्सचं. पहिली फेन्स १४.६ वर आणि दुसरी १५.४ वर असली तरी बेरीज ३० च येते आणि रिंग मिटते. पात्याशी कुठली फेन्स किती अंशात आहे याने बिघडत नाही, दोन फेन्समधला कोन तेवढा अचूक ३० हवा. आणि ३० अंश तर घरात होता. डिप्लोमाच्या वेळचा माझा ड्रॉइंगचा मोठा गुण्या माळ्यावर होता. तो दोन फेन्सच्या मध्ये धरला, फेन्स त्याला टेकवून स्क्रू आवळले. आठ तुकड्यांची रिंग हवी तर ४५ चा गुण्या. पट्टीच्या दोन्ही कडा मात्र समांतर हव्यात, नाहीतर सगळं फुकट.

बारा तुकडे सुके जोडून खिडकीसमोर धरले. एकाही जोडातून उजेड येत नव्हता. तेव्हा झालेला आनंद मला अजून आठवतो.

चिकटवायला डी-३ दर्जाचा पांढरा गोंद. टोकांवर आधी पातळ हात फिरवून दोन मिनिटं मुरू दिला, मग दुसरा हात. हे तोंड उभ्या टोकाच्या जवळपासचं असतं, गोंद पिऊन टाकतं. आवळायला सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या आणि जुबली क्लिप (पाइपवर आवळतात ती). खाली प्लास्टिकचा कागद.

रिंग सपाट करायला एका जाड प्लायच्या चकतीवर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला. रिंगेवर पेन्सिलने गिचमीड करायची आणि ती सगळी पुसली जाईपर्यंत घासायचं. मग रिंगा एकावर एक, प्रत्येक अर्ध्या तुकड्याने फिरवून, म्हणजे खालच्या जोडावर वरच्या तुकड्याचा मध्य येतो. लेथच्या टेलस्टॉकनेच (मागच्या सरकत्या टोकाने) दाबून ठेवल्या.

कातायला सुरुवात ५०० आरपीएमवर. इंचातला व्यास गुणिले आरपीएम ६००० ते ९००० च्या मध्ये ठेवायचं, या हिशोबाने आठ इंचाला गुळगुळीत गोल झाल्यावर ७५० ते ११०० चालतं. चेहऱ्यावर शील्ड, आणि पहिल्यांदा सुरू करताना फिरणाऱ्या लाकडाच्या रेषेत उभं राहायचं नाही.

आता अडचण. दुसरा वाडगा एप्रिलमध्ये पूर्ण केला. तळाला १५० मिमीची सागवानाची अख्खी चकती, १२ मिमी जाड, खालच्या रिंगेला पूर्ण चिकटवलेली. बाकी सगळं पहिल्यासारखंच. काल सकाळी चहा पिताना शोकेसमधून 'टक्' असा आवाज आला. खालच्या रिंगेचे दोन जोड उघडलेत. व्हिजिटिंग कार्डाची कड आत जाते. गोंद जुना होता का? की मी कमी आवळलं? पुढच्या वेळी कुठला गोंद घेऊ?

---

रानजाई

किती सविस्तर लिहिलंय! गुण्याची युक्ती वाचून मुलाची कंपासपेटी उघडून बघितली. छोटा चालेल का हो दादा?

---

कातकामी

@रानजाई ताई, चालेल, पण कड जितकी लांब तितकी फेन्स बरोबर टेकते. स्टेशनरीच्या दुकानात इंजिनिअरिंग ड्रॉइंगचा मोठा सेट मिळतो, तो घ्या. कोपरे झिजलेले नसावेत.

---

मायक्रोमीटर

नमस्कार. चाळीस वर्षं टूलरूममध्ये काढली, लाकडात नवा आहे.

दोन फेन्सचा विचार फार सुंदर आहे. आमच्याकडे यालाच चूक स्वतःला खाऊन टाकते म्हणायचे. एक जोडतो: स्टॉप (तुकड्याची लांबी ठरवणारा अडसर) असा लावा की कापलेला तुकडा पातं आणि स्टॉप यांच्यात चेपून राहणार नाही. अडकला की तो गोळीसारखा बाहेर येतो. पातं पूर्ण थांबल्याशिवाय तुकडा बोटाने उचलू नका, पेन्सिलच्या मागच्या रबराने दाबून धरा.

आता फटीबद्दल. गोंदाचा विचार आत्ता बाजूला ठेवा. मला दोन गोष्टी सांगा. उघडलेले दोन जोड समोरासमोर आहेत का? आणि तळाच्या चकतीतल्या रेषा त्या जोडांच्या दिशेने जातात की त्यांना आडव्या?

---

वखारवाला

लाकूड कुठून घेतलं आणि किती वाळलेलं होतं हेही लिहा. सीझन केलंय असं सगळेच सांगतात. मॉइश्चर मीटर आठशे-हजारात मिळतो, वखारीत जाताना खिशात ठेवत जा. आमच्याकडे कोणी मीटर लावला तर मला राग येत नाही, उलट बरं वाटतं.

---

कातकामी

काका, जाऊन बघितलं. जोड अगदी समोरासमोर आहेत. तळाच्या रेषा ज्या दोन टोकांना रिंगेला जाऊन भिडतात, बरोबर तिथेच. आडव्या बाजूचे जोड पक्के आहेत.

@वखारवाला, कुठून ते नको, पण मीटर मित्राकडून आणला. चकतीवर आज १४ टक्के ओलावा दाखवतोय. एप्रिलमध्ये मोजलं नव्हतं.

---

मायक्रोमीटर

मग उत्तर मिळालं. तुमचा गोंद आणि आवळणं दोन्ही बरोबर होतं. गोंद चांगला होता म्हणून बाकीचे दहा जोड टिकलेत.

लाकूड लांबीत जवळजवळ वाढत नाही, आडव्यात वाढतं. सागवान त्यातल्या त्यात शांत लाकूड, तरी लाकडातली आर्द्रता एक टक्का वाढली की वाढचक्रांच्या दिशेने, म्हणजे ज्या फळीवर कमानी दिसतात तिच्या रुंदीत, साधारण ०.१८ टक्के फुगतं. एप्रिलमध्ये पुण्याच्या कोरड्या हवेत ते ७-८ वर असणार. आज १४. म्हणजे सहा-सात टक्क्यांचा फरक. १५० मिमीवर दीड ते दोन मिमी. तुमची गोल चकती आज लंबगोल आहे. व्हर्नियर लावून बघा.

आता तिला चिकटलेल्या रिंगेचं बघा. रेषांच्या टोकाशी असलेला सेगमेंट लांबीने आडवा बसलेला आहे. खालची चकती नेमकी त्याच दिशेने फुगतेय आणि सेगमेंट लांबीत वाढू शकत नाही. मग ताण कुठे जाणार? जोडावर. म्हणून त्याच दोन ठिकाणी उघडलं.

---

कातकामी

व्हर्नियर लावला. रेषांच्या दिशेने १५०.१, आडवा १५१.६.

काका, मी तीन दिवस गोंदाच्या बाटलीवरची बारीक अक्षरं वाचत होतो.

---

सांगली ते मिनेसोटा

मायक्रोमीटर काकांनी अचूक सांगितलं. आमच्याकडे हेच उलट होतं. हिवाळ्यात हीटर चालतो, घरातली हवा इतकी कोरडी की लाकूड ५-६ टक्क्यांवर येतं. सांगलीहून भावाने पावसाळ्यात केलेली एक तबकडी भेट म्हणून पाठवली होती. जानेवारीत तिचा तळ आक्रसून रिंगेपासून सुटला, हलवली की आत खुळखुळायची.

अमेरिकन असोसिएशन ऑफ वुडटर्नर्स ही संस्था १९८६ ची, मुख्यालय इथेच सेंट पॉलला. तिची सेगमेंटवाल्यांची वेगळी शाखा आहे आणि तिथेही नवा माणूस आला की पहिला विषय तळाचाच असतो. उपाय मी तीन पाहिले आहेत.

एक, तरंगता तळ. रिंगेच्या आतल्या बाजूला खाच पाडायची आणि चकती त्या खाचेत गोंद न लावता बसवायची, सगळीकडून मिमी-दीड मिमी जागा सोडून. चौकटीच्या दारात फळी बसवतात तसंच. दुसरा, तळही सेगमेंटचाच करायचा. बारा पाकळ्या मध्यापर्यंत आणायच्या. टोकं मध्यात नीट मिळत नाहीत, म्हणून तिथे २५-३० मिमीचं भोक पाडून बुच बसवायचं. बुच एवढं लहान की त्याची वाढ नगण्य. तिसरा, प्लायची चकती, वरून व्हिनिअर. प्लाय हलत नाही. दिसायला मला आवडत नाही, पण टिकतं.

मी स्वतः दुसरा उपाय करते. पाकळ्यांचा तळ उलटा करून बघितला की खालूनही फूल दिसतं.

---

वखारवाला

पाकळ्यांच्या तळात एक गोष्ट राहिली. पाकळीतही रेषा परिघाबरोबरच घ्या, वरच्या रिंगेसारख्या. म्हणजे तळ आणि भिंत दोन्ही एकाच दिशेने हलतात. रेषा मध्याकडे ठेवल्या तर पुन्हा तोच प्रश्न.

आणि लाकूड घरी आणल्यावर पट्ट्या काढून महिनाभर तरी खोलीत ठेवा. फळी वाळलेली वाटते, आतून ओली असते. पट्टी काढल्यावर तिचं पोट उघडं पडतं.

---

चितारआळी

मी सावंतवाडीची. आमच्याकडे लाकूड कातून लाखेचे रंग चढवायची जुनी परंपरा, पांगाऱ्याच्या लाकडाची फळं सगळ्यांनी पाहिली असतील. गोव्यात कुंकळ्ळीला चितारी आहेत, कर्नाटकात चन्नपट्टण. लेथ फिरत असताना लाखेची कांडी टेकवायची, घर्षणाने लाख वितळून लाकडावर बसते, मग चन्नपट्टणला केवड्याच्या पानाने चकाकी आणतात.

कातकामी, तुमच्या वाडग्याला पारदर्शक लाख चढवली तर? रंग झाकायचे नाहीत, नुसती चकाकी. माझे आजोबा म्हणायचे, लाख चढली की लाकूड पाण्याला विसरतं.

---

सांगली ते मिनेसोटा

@चितारआळी, आजोबांचं वाक्य फार आवडलं. पण सेगमेंटच्या कामात उष्णतेची भीती आहे. पांढरा गोंद ६०-७० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो आणि लाखही साधारण त्याच तापमानाला वितळते. तुमच्याकडे अख्खं लाकूड असतं, आत जोडच नसतात. इथे साठ तुकडे आहेत. नुसतं पॉलिश पेपरने जोरात घासलं तरी जोड गरम होतो, आणि नंतर केसासारखी रेघ दिसते. पेपर ओढत राहायचा, एका जागी दाबायचा नाही, हाताला कोमट लागला की थांबायचं.

---

चितारआळी

बरोबर आहे. लाख चढवताना बोट टेकवलं की भाजतं, हे मी स्वतः अनुभवलंय. मग स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख थंडच लावता येईल ना?

---

वखारवाला

येईल, पण पहिला हात ब्रशने लावू नका. शिसवीचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. ब्रश शिसवीवरून हळदूवर गेला की पिवळ्यावर जांभळे ओघळ. पहिले दोन हात स्प्रेने, अगदी धुक्यासारखे, मग हवं ते करा. बिबळ्याचं लाकूड वापरणाऱ्यांनी उलट पाण्याचं पॉलिश टाळावं. बिबळ्याचा रंग पाण्यात उतरतो. त्याच्या पेल्यात पाणी ठेवून बघा, रंग बदलतो.

आणि घासताना काळ्या लाकडाचा भुसा पिवळ्याच्या छिद्रांत बसतो. ओल्या फडक्याने पुसला तर आणखी आत जातो. कॉम्प्रेसरची हवा मारा.

---

रानजाई

शिसवीचा भुसा अंगावर पुरळ आणतो असं ऐकलं. खरं आहे का?

---

वखारवाला

खरं आहे ताई. सगळ्यांना नाही, पण ज्यांना बाधतो त्यांना खूप बाधतो. आमच्याकडे एक कारागीर आहे, शिसव निघाली की त्याला दम लागतो, त्याला आम्ही त्या दिवशी दुसरं काम देतो. एन-९५ मास्क आणि पूर्ण बाह्या. कातताना कीस मोठा असतो, त्याचा त्रास कमी. खरा धोका घासण्याच्या बारीक धुळीचा.

शिसव घेताना बिल घ्या आणि जपून ठेवा. शिसव ज्यातली त्या डालबर्जिया वंशातली लाकडं २०१७ पासून साइट्सच्या (वन्य जीव-वनस्पतींच्या परदेशी व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्ट २ मध्ये आहेत, फक्त ब्राझीलची डालबर्जिया नायग्रा त्याहून कडक परिशिष्ट १ मध्ये आहे. वाडगा परदेशी पाठवायचा असेल तर आधी नियम बघा.

---

मायक्रोमीटर

एक मतभेद नोंदवतो. बऱ्याच ठिकाणी वाचलं की बारा तुकडे एकदम चिकटवायचे नाहीत. सहा-सहाच्या दोन अर्ध्या रिंगा करायच्या, समोरासमोरचे दोन जोड गोंदाशिवाय ठेवून मध्ये आइस्क्रीमच्या काड्या घालायच्या, आणि सुकल्यावर अर्ध्या रिंगांची तोंडं सपाट घासून मग जोडायच्या. चूक त्या घासण्यात निघून जाते.

मला हे पटत नाही. चूक शेवटी घासून काढायची सवय लागली की माणूस स्लेडकडे लक्ष देत नाही. स्लेड बरोबर असेल तर घासायची वेळच येऊ नये.

---

सांगली ते मिनेसोटा

काका, आदर ठेवून असहमत. स्टील आणि लाकडात फरक आहे. स्लेड आज अचूक आहे, पट्टी उद्या केसभर वाकते. २४ तुकड्यांच्या रिंगेत ७.५ अंशाचे काप असतात, तिथे वेज (गुण्यासारखा दोन फेन्सच्या मध्ये धरायचा कोनाचा तुकडा) केसभर चुकला तरी २४ पट होतो. अर्धी रिंग ही माझ्यासाठी तपासणी आहे. घासताना किती लाकूड निघालं यावरून मला स्लेडची खबर मिळते. पाव मिमीपेक्षा जास्त निघालं तर मी स्लेड पुन्हा लावते.

---

मायक्रोमीटर

किती निघालं ते मोजत असाल तर माझी हरकत नाही. मोजल्याशिवाय घासू नका एवढंच माझं म्हणणं.

---

कातकामी

मी दोन्ही करून बघितलं. बारा तुकड्यांना गुण्यावर लावलेली स्लेड पुरते. अठरा तुकड्यांची एक रिंग केली, त्याला २० अंशाचा वेज प्लायमधून स्वतः कापला होता, तिथे अर्ध्या रिंगांनीच वाचवलं. घासताना ०.६ मिमी निघालं, म्हणजे वेज चुकला होता. नवीन करतोय.

---

कातकामी

अपडेट, ऑक्टोबर.

उघडलेला वाडगा वाचवायचा प्रयत्न केला. लेथवर उलटा धरून तळ पूर्ण कातून टाकला, चकती आणि खालच्या रिंगेचा अर्धा भाग. चकती गेल्यावर फटी हाताने दाबल्या तर मिटल्या. जोर निघून गेला होता. पातळ गोंद फटीत ओढून घेतला, जुबली क्लिपने दोन दिवस आवळून ठेवलं. मग सागवानाच्या बारा पाकळ्यांचा नवा तळ केला, रेषा परिघाबरोबर. मध्ये २८ मिमीचं शिसवीचं बुच. वाडग्याची उंची ९ मिमी कमी झाली. प्रमाण बदललं, आधीपेक्षा थोडा बसका दिसतो आणि खरं सांगायचं तर मला तसाच जास्त आवडतो.

बुच बसवताना एक गोष्ट कळली, ती लिहून ठेवतो. पाकळ्यांची टोकं मध्यात इतकी नाजूक असतात की ड्रिलचा बिट लागला की चुरतात. म्हणून आधी खालून टाकाऊ प्लायचा तुकडा चिकटवला आणि मग भोक पाडलं. टोकं जागच्या जागी कापली गेली.

सागवान तेलकट असतं, म्हणून जोडण्याआधी प्रत्येक तोंड थिनरने पुसून लगेच गोंद लावला. एकदा पुसून चहाला गेलो, परत आलो तर तेल पुन्हा वर आलेलं. ते बारा तुकडे पुन्हा पुसले.

भिंत ७ मिमी ठेवली. १२० पासून ४०० पर्यंत पेपर, प्रत्येक नंबरनंतर हवा मारून. स्पिरिटमधली लाख स्प्रेने दोन हात, मग वरून अळशीच्या तेलाचे तीन पातळ हात, प्रत्येकात दोन दिवसांचं अंतर. तेलाची फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ती स्वतःहून पेटतात. मी तारेवर एकेक पसरून वाळवतो.

@चितारआळी, लाख थंडच लावली, पण लाख आहे. तुमच्या आजोबांचं वाक्य वाडग्याखाली पेन्सिलने लिहायचं होतं, बुच आडवं आलं म्हणून रिंगेच्या कडेने गोल लिहिलं.

---

चितारआळी

डोळ्यात पाणी आलं हो. आईला वाचून दाखवलं.

---

मायक्रोमीटर

व्यास रेषांच्या दोन्ही दिशांना मोजून तारखेसकट इथे टाका. मग मे महिन्यात पुन्हा.

---

कातकामी

आज: खालच्या कडेला एका दिशेने १४७.८, काटकोनात १४७.९. मे महिन्यात नक्की.

---

रानजाई

मोठा गुण्या आणला. माझ्याकडे टेबल सॉ नाही, मायटर बॉक्स आणि हातकरवत आहे. आठ तुकड्यांची आंब्याच्या लाकडाची एक छोटी रिंग करून बघितली, ९० मिमीची. कोन २२.५. टोकं प्लायवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर गुण्याला टेकवून घासली, दोन तुकडे मिळून ४५ च्या गुण्यात बसतात का ते बघत. सगळे सुके जोडून खिडकीत धरले. सात जोडांतून उजेड येत नाही. आठव्यात खालच्या बाजूला थोडा येतो, वर बंद आहे. कुठे चुकलं?

---

कातकामी

ताई, हातकरवतीने सात जोड बंद आले, हे फार मोठं आहे.

वर बंद आणि खाली उघडं म्हणजे कोन बरोबर आहे, एखादं तोंड जाडीत तिरकं घासलं गेलंय. घासताना तुकडा पुढे झुकतो. बहुतेक आठव्या जोडाच्या दोनपैकी एकाच तुकड्यात असेल. प्रत्येक तुकडा काचेवर उभा करून मागे छोटा गुण्या धरा, ज्याच्यामागे उजेड दिसेल तो. त्याला एका चौकोनी ठोकळ्याला टेकवून पुन्हा घासा, तीन-चार ओढी पुरतील. गोंद लावायच्या आधी फोटो टाका.